पक्षकार कोणाचा?

मेळघाटात मोबाइलची रेंज बेभरवशाची. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी असलेल्या सेमाडोहला दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-पुण्याची मंडळी उतरतात. त्यांत एखादा तरुण वाघापेक्षा सिग्नलच्या शोधात जास्त हिंडताना दिसतो. आपल्याला वाटते, डॉक्टर असेल. तो निघतो वकील, लोअर परळच्या एखाद्या मोठ्या फर्ममधला. कुठल्याशा कंपनीची खरेदी-विक्री त्याच रात्री पुरी व्हायची असते आणि कराराच्या शेवटच्या मसुद्यात कोणीतरी दोन शब्द बदललेले असतात. सोबत आलेले अमरावतीचे काका हे सगळे बघत शेवटी विचारतात, "अबे, कोर्टात तं तू उभाच नाही राहत, मंग वकील कायचा?"

काकांचा प्रश्न वाटतो तितका अडाणी नाही. वऱ्हाडात वकील म्हटला की दारावरची पाटी, फायली सांभाळणारा मुन्शी, बाकावर ताटकळणारे पक्षकार आणि अकरा वाजता कोर्टाच्या आवारात फडफडणारा काळा कोट असे चित्र पक्के असते. मोठ्या कॉर्पोरेट फर्ममधले बहुसंख्य वकील तो कोट सनद घेतल्याच्या दिवशी घालतात आणि मग कपाटात ठेवतात. एक कंपनी दुसरीला विकत घेते, बँक हजार कोटींचे कर्ज देते, एखादी कंपनी शेअर बाजारात उतरते, स्पर्धा आयोगाची परवानगी लागते, दिवाळखोरीत गेलेल्या कारखान्याला नवा मालक शोधायचा असतो. या प्रत्येक व्यवहारामागे कागदांचा डोंगर असतो आणि तो उपसणे हे त्यांचे काम. खटले लढणारे विभागही या फर्ममध्ये असतात, पण तिथेही उभे राहून युक्तिवाद करायला बहुतेकदा बाहेरचा सीनियर कौन्सेल नेमला जातो.

तरीही काळ्या कोटाचा फरक वरवरचा आहे, असे मला वाटते. खरा फरक पक्षकाराच्या मालकीचा आहे. अमरावतीच्या कोर्टात पक्षकार येतो तो अमुक वकीलसाहेबांकडे. त्यांनी जागा बदलली तर तोही मागोमाग जातो. मोठ्या फर्ममध्ये पक्षकार येतो तो फर्मच्या नावाकडे, किंवा फार तर एखाद्या पार्टनरकडे. तिसऱ्या वर्षाचा असोसिएट कितीही हुशार असला तरी त्या पक्षकाराच्या लेखी तो ईमेलच्या यादीतला एक पत्ता असतो. पगार, कामाचे तास, बढती, फर्म सोडताना हाती काय उरते, हे सगळे या एका गोष्टीतून निघते. कॅम्पसवर नोकरी स्वीकारणाऱ्या बाविशी-तेविशीच्या मुलांना पगाराचा आकडा तोंडपाठ असतो, ही गोष्ट मात्र कोणी सांगितलेली नसते.

पक्षकारावरचा हा ताबा मुंबईत जुना आहे. क्रॉफर्ड बेली ही सॉलिसिटर फर्म १८३० सालची, म्हणजे १८६२ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई उच्च न्यायालयापेक्षाही वयाने मोठी. लिटल अँड कंपनी १८५६ ची, मुल्ला अँड मुल्ला १८९५ ची. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे ओरिजिनल साइडला, काम विभागलेले होते. पक्षकाराशी बोलायचे, कागद तयार करायचे ते सॉलिसिटरने आणि न्यायाधीशांसमोर उभे राहायचे ते कौन्सेलने. कौन्सेलला पक्षकार थेट मिळत नसे, ब्रीफ सॉलिसिटरच्या हातून यायचे. ही सक्तीची दुहेरी पद्धत १९७६ च्या कायद्याने संपली. तोवर सॉलिसिटरची मर्जी म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा सॉलिसिटरांकडून काम मिळण्याची वाट त्यांच्यासाठी जवळपास बंद होती. त्यांची वकिली उभी राहिली ती मुख्यतः अपिलाच्या शाखेत, मोफसलातून येणाऱ्या कामावर. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या असलेल्या माणसाचीही वाट अडते, कारण पक्षकारापर्यंत नेणारे दार दुसऱ्याच्या हाती असते. वकिलीतले जातीचे आणि घराण्याचे राजकारण कळायला हे एक उदाहरण पुरे आहे.

आजच्या बड्या फर्मही पूर्णपणे नव्या नाहीत. खेतान अँड कंपनी १९११ ची, कोलकात्याची. तिचे संस्थापक देवीप्रसाद खेतान पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे सदस्य होते. अमरचंद मंगलदास १९१७ ची. २०१५ मध्ये सिरिल आणि शार्दूल श्रॉफ या भावांत तिची वाटणी होऊन दोन फर्म झाल्या. फर्मचीही शेतीसारखी वाटणी होते, हे ऐकून आपल्याकडच्या वकिलांना बरे वाटले असेल. या फर्मचा आकार मात्र १९९१ नंतर फुगला. परदेशी भांडवल आले, करार जाडजूड झाले. जुन्या कंपनी कायद्यात भागीदारी संस्थेला वीस भागीदारांची मर्यादा होती. २००८ च्या मर्यादित दायित्व भागीदारी कायद्याने मोठ्या फर्मना मोकळा रस्ता मिळाला. आज एकेका फर्ममध्ये शेकड्यांनी वकील आहेत.

तिथे नवा वकील नेमके करतो काय? अमरावतीचेच उदाहरण घेऊ. समजा एखाद्या कंपनीला जिल्ह्यात सौरऊर्जेचा प्रकल्प टाकायचा आहे आणि बँक त्यावर कर्ज देणार आहे. बँकेचा पहिला प्रश्न असतो, जमीन कंपनीची आहे का, आणि उद्या कोणी हक्क सांगत येणार नाही ना? याला ड्यू डिलिजन्स म्हणतात. लोअर परळच्या बाविसाव्या मजल्यावर बसलेल्या असोसिएटपुढे दोनशे सर्व्हे नंबरांचे कागद येतात. सातबारा, आठ-अ, फेरफाराच्या नोंदी, मोजणीचे नकाशे, दुय्यम निबंधक कार्यालयातला तीस वर्षांचा सर्च. प्रत्येक जमीन त्याने एकेका ओळीत तक्त्यात मांडायची आणि शेवटच्या रकान्यात शंका लिहायची.

इथे वऱ्हाड स्वतःचे नियम घेऊन उभा राहतो. मुंबईच्या पोराने अभ्यासक्रमात कूळकायदा वाचलेला असतो तो १९४८ चा, पश्चिम महाराष्ट्राचा. विदर्भाला लागू आहे तो १९५८ चा, वेगळा. नागपूरकडे मालगुजारी होती, वऱ्हाडात रयतवारी. जुन्या नोंदींची भाषा आणि पद्धत त्यामुळे बदलते. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला आणि १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने दिला, या इतिहासाची सावली काही जुन्या कागदांवर अजून पडलेली असते. भोगवटादार वर्ग-२ असे दिसले की थांबायचे, सरकारची परवानगी लागेल. आणि सर्व्हे नंबर चिखलदरा किंवा धारणी तालुक्यातला असेल तर थांबून चालत नाही, मागे फिरावे लागते. मेळघाट अनुसूचित क्षेत्र आहे, पेसा कायदा लागू आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जायला जिल्हाधिकाऱ्यांची आणि त्याआधी शासनाची मंजुरी लागते. हे कलम १९७४ मध्ये आले, कारण जमिनी भराभर हातच्या जात होत्या. नांदगाव पेठेतल्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची गोष्ट तुलनेने सोपी. २० सप्टेंबर २०२४ रोजी त्याची कोनशिला बसली, सुमारे हजार एकरांचा तो प्रकल्प. तिथे जमीन एमआयडीसीची आणि कंपनीच्या हाती भाडेपट्टा, म्हणजे तपासायच्या त्या पट्ट्याच्या अटी.

मग मुंबईचा असोसिएट काय करतो? तो अमरावतीच्या वकिलाला फोन लावतो. स्थानिक वकील नेमून सर्च रिपोर्ट मागवणे ही नेहमीची रीत आहे. निबंधक कार्यालयात दिवस घालवून, तलाठ्याचे अक्षर लावून, हा फेरफार वारसाचा की वाटणीचा हे ओळखून जो अहवाल स्थानिक वकील लिहितो, त्यावर मुंबईचा मोठा अहवाल उभा राहतो. स्थानिक वकिलाची फी हजारांत असते, फर्मचे बिल लाखांत. यात कोणी कोणाला फसवत नाही. बँक पैसे मोजते ते फर्मच्या सहीसाठी, कारण उद्या काही निसटले तर पुढे उभी राहणारी एक मोठी संस्था तिला हवी असते. पण बापाच्या वहीतून सातबारा वाचत वाढलेल्या अचलपूर-दर्यापूरच्या मुलीला हे ठाऊक असले पाहिजे की मुंबईच्या टेबलावर तिच्याजवळ इतरांकडे नसलेली एक गोष्ट आहे. तिला बहुधा वाटत असते की आपले इंग्रजी कच्चे आहे, एवढेच.

इंग्रजीचा अडथळा खराच आहे. मोठ्या फर्म भरती करतात ती मुख्यतः राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून. बंगळुरूच्या पहिल्या विद्यापीठाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला आणि तेव्हापासून फर्मना तयार माल मिळू लागला. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला अशी विद्यापीठे आहेत. तिथे जायचे तर क्लॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. दोन तास, १२० प्रश्न आणि लांबच लांब उतारे, सगळे इंग्रजीत. खालच्या न्यायालयांची भाषा मराठी असावी असे राज्य सरकारने १९९८ मध्ये अधिसूचना काढून ठरवले. त्या न्यायालयांपर्यंत नेणाऱ्या उत्तम विद्यापीठांचे दार मात्र मराठीत उघडत नाही. सेमाडोहच्या आसपासच्या आश्रमशाळेतल्या कोरकू मुलासाठी तर मराठीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी.

आता पैशाचे बघू, कारण घरी बोलणे त्यावरच होते. पहिल्या फळीच्या फर्ममध्ये नव्या वकिलाला वर्षाला साधारण पंधरा ते वीस लाख मिळतात. दुसऱ्या बाजूला, ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियर वकिलांना शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार मानधन द्यावे, अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही. आणि ती करावी लागली यातच काय ते आले. तालुक्याच्या ठिकाणी अनेक ज्युनियर अजूनही साहेबांच्या मर्जीवर आणि स्वतःच्या बापाच्या कापसावर दिवस काढतात.

पण आकड्यांची ही तुलना अर्धी आहे. विधी विद्यापीठाची फी आणि वसतिगृह धरून पाच वर्षांत बारा लाखांचे शैक्षणिक कर्ज सहज होते. दहा टक्के व्याजाने, दहा वर्षांच्या मुदतीत त्याचा महिन्याचा हप्ता येतो सुमारे १५,९००. ग्रामीण ज्युनियरसाठी शिफारस केलेले मानधन १५,०००. म्हणजे नागपूरच्या विद्यापीठात शिकलेल्या अमरावतीच्या मुलीला आपल्या गावी वकिली करायची मनापासून इच्छा असली तरी पहिल्याच महिन्यात तिला नऊशे रुपये कमी पडतात, जेवणाखाण्याआधीच. 'पोट्टी पैशाच्या मागे गेली' असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. याउलट अमरावती किंवा अकोल्याच्या विधी महाविद्यालयात घरून ये-जा करून शिकलेला मुलगा कमी फीत वकील होतो. सनदेची फीही सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ७५० रुपयांच्या वर घ्यायची नाही असे बजावले. अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. त्या मुलाला मोठ्या फर्मचे दार जवळपास बंद असते, पण डोक्यावर कर्जही नसते. दोघांपैकी जास्त मोकळा कोण, याचे उत्तर मला सरळ देता येत नाही.

फर्मचा पैसा येतो कोणत्या रूपात, हेही समजून घेण्यासारखे आहे. ज्याला आपण पगार म्हणतो तो बहुतेक फर्ममध्ये कायद्याच्या दृष्टीने पगार नसतोच. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकर असलेल्याला वकिली करता येत नाही. म्हणून असोसिएटला रिटेनर म्हणून नेमतात आणि दरमहा व्यावसायिक फी देतात. त्यातून दहा टक्के टीडीएस कापला जातो. व्यावसायिकांच्या अनुमानित करआकारणीत ५० लाखांपर्यंतच्या जमेपैकी निम्मीच रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत कर फारसा लागत नाही आणि पोरे खूश असतात. दुसरी बाजू पहिल्या आजारपणात कळते. भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही. रजा किती आणि बाळंतपणाची सुट्टी किती, हे बहुतांशी फर्मच्या धोरणावर. नोकराचे तास आणि नोकराचा साहेब, पण नोकराचे संरक्षण नाही. डिसेंबर २०१८ मध्ये खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. झाला असता तरी तो कर्मचाऱ्यांसाठी. सेमाडोहला सिग्नल शोधणारा आपला वकील कागदावर कर्मचारीच नाही.

तासांचे गणित असे. फर्ममध्ये वेळ सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत नोंदवतात, तासाचे दहा तुकडे. कोणत्या पक्षकारासाठी काय केले ते रोज टाइमशीटमध्ये भरायचे. वर्षाला १,८०० बिलेबल तासांचे लक्ष्य धरा. शनिवार-रविवार, सणवार आणि रजा वगळून कामाचे दिवस उरतात २४० च्या आसपास, म्हणजे दिवसाला साडेसात तास. फार वाटत नाही. पण चहा, वाट पाहणे, पार्टनरने मसुदा परत पाठवेपर्यंतचा वेळ, नव्या पक्षकारासाठी केलेले फुकटचे सादरीकरण, यातले काही बिलात बसत नाही. साडेसात तास बिलात पडायला दहा-अकरा तास बसावे लागते. आणि काम सरळ रेषेत येत नाही. सौदा पुरा होण्याच्या आठवड्यात, ज्याला ही मंडळी क्लोझिंग म्हणतात, रात्रीचे दोन-तीन वाजणे नेहमीचे. त्यानंतरचा आठवडा रिकामा जाऊ शकतो, आणि त्या रिकामेपणाची भीती वेगळीच असते, कारण वर्षअखेरच्या अप्रेझलमध्ये तास मोजले जातात. कोर्टातल्या वकिलालाही रात्री जागावे लागते. त्याला निदान उद्या तारीख आहे हे आधी ठाऊक असते आणि मे महिन्यात उन्हाळी सुट्टी असते.

या रात्रींतून मिळते काय? हे नीट मान्य केले पाहिजे, कारण आपल्याकडे फर्मच्या वकिलीला हिणवण्याची फॅशन आहे. पहिल्या तीन वर्षांत शिस्त मिळते. मसुद्यातला स्वल्पविराम चुकला तर परत येतो. समोरच्या बाजूचा वकीलही तितकाच तयार असतो. कलम कोणाचा धोका कोणावर ढकलते, हे वाचता वाचता डोळ्याला कळायला लागते. जिल्हा न्यायालयातल्या कित्येक दाव्यांच्या मुळाशी वाईट लिहिलेला एखादा करारनामा असतो. तो लिहिणाऱ्याला असे कोणी वर्षभर रागावले असते तर दावाच झाला नसता. मात्र चौथ्या-पाचव्या वर्षी हीच शिस्त अरुंद होत जाते. खासगी गुंतवणुकीचे भागधारक करार उत्तम लिहिणाऱ्याला साधा मनाईहुकूम कसा मागायचा ते आठवत नाही. निर्णयाची खरी वेळ ती. वरती असोसिएट, सीनियर असोसिएट, प्रिन्सिपल असोसिएट अशी शिडी आहे आणि साधारण आठ-दहा वर्षांनी पार्टनरपद. पार्टनरही दोन तऱ्हेचे: ठराविक रक्कम घेणारे आणि नफ्यात वाटा असणारे. दुसऱ्या तऱ्हेत जायला मसुदा येणे पुरत नाही. तुमच्या नावाने पक्षकार यायला हवा. इतकी वर्षे जो पक्षकार फर्मचा होता तो आता तुमचा असल्याचे दाखवा, असे फर्मच म्हणते. ज्यांचे काका-मामा कंपन्यांच्या संचालक मंडळांवर असतात त्यांना हे दाखवणे सोपे जाते. परतवाड्याच्या शिक्षकाच्या मुलीला ती ओळख कामातूनच कमवावी लागते, आणि ती कमवायची सुरुवात तिसऱ्या वर्षी करावी लागते, आठव्या नव्हे.

वऱ्हाडाला हा पेच नवा नाही. गणेश श्रीकृष्ण खापर्डे, म्हणजे दादासाहेब, १८८४ मध्ये कायद्याची पदवी घेऊन सरकारी चाकरीत एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर झाले. त्या काळी यापेक्षा पक्की भाकरी दुसरी नव्हती. पाचेक वर्षांनी त्यांनी ती सोडली आणि १८९० मध्ये अमरावतीत स्वतःची वकिली थाटली. वकिली अशी चालली की त्यांच्या ऐटीमुळे लोक त्यांना वऱ्हाडचा नवाब म्हणू लागले. पण मिळाले ते नुसते पैसे नाहीत. १८९७ च्या अमरावती काँग्रेसच्या स्वागत समितीचे अध्यक्षपद घेता आले, टिळकांच्या अपिलासाठी १९०८ मध्ये इंग्लंड गाठून दोनेक वर्षे राहता आले. वरिष्ठाकडे रजेचा अर्ज करायचा नव्हता. त्याच अमरावतीच्या बारमधले रंगनाथ नरसिंह मुधोळकर १९१२ मध्ये बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. स्वतःचा पक्षकार असलेल्या वकिलाला सार्वजनिक आयुष्य परवडत होते, ही गोष्ट आजच्या रिटेनरशिपच्या पत्राशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे.

अलीकडचे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. भूषण गवई यांचा जन्म १९६० चा, अमरावतीचा. त्यांना आर्किटेक्ट व्हायचे होते, वडील रा. सू. गवई यांना मुलगा वकील व्हावा असे वाटत होते. सरन्यायाधीश झाल्यावर नागपूरच्या सत्कारात त्यांनी हे स्वतः सांगितले. मार्च १९८५ मध्ये वकिलीला सुरुवात, आधी बॅरिस्टर राजा भोसले यांच्या हाताखाली, मग १९८७ ते १९९० मुंबईत स्वतंत्र, आणि त्यानंतर नागपूर खंडपीठात. साल ध्यानात घ्या. देशाची दारे परदेशी भांडवलाला उघडली ती १९९१ मध्ये आणि मुंबईच्या फर्मची भरभराट त्यानंतरची. गवई त्याच्या वर्षभर आधी मुंबई सोडून विदर्भात परतले होते. त्यांचे पक्षकार कोण? नागपूर महापालिका, अमरावती महापालिका, अमरावती विद्यापीठ. आपल्याच गावच्या संस्था. त्यानंतर २००० मध्ये सरकारी वकील, २००३ मध्ये न्यायमूर्ती, १४ मे २०२५ ला सरन्यायाधीश.

आणि याच गवईंच्या पीठाने दिलेल्या दोन निकालांनी फर्ममधल्या तरुणांचे पुढचे रस्ते बदलले, ही योगायोगाची गंमत. पहिला २० मे २०२५ चा. कनिष्ठ स्तरावरील दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्यासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली. २००२ पासून ती अट नव्हती. दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचे प्रमाणपत्र आणि त्यावर त्या ठिकाणच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची मोहोर लागते. सौद्यांच्या विभागात तीन वर्षे घालवलेल्या आणि कोर्टाची पायरी न चढलेल्या असोसिएटला अशी मोहोर मिळवणे अवघड. न्यायाधीश व्हायचे मनात असेल तर फर्ममधला खटल्यांचा विभाग मागून घ्यावा, किंवा थेट कोर्ट गाठावे. दुसरा निकाल ३१ ऑक्टोबर २०२५ चा. कंपनीच्या पगारावर असलेला विधी सल्लागार, ज्याला इन-हाउस म्हणतात, त्याला वकील-पक्षकार गोपनीयतेचे ते संरक्षण मिळणार नाही जे वकिली करणाऱ्याला मिळते, असे त्यात ठरले. फर्ममध्ये दमलेले वकील पाच-सहा वर्षांनी सर्वांत जास्त जातात ते याच नोकरीकडे. तिथे तास बरे, घरी जेवायला पोचता येते, भविष्यनिर्वाह निधी असतो. पण सनद स्थगित ठेवावी लागते, आणि पक्षकार एकच, जो मालकही असतो.

कोर्टाकडे वळलेलेही आहेत. नागपूरच्या साळवे घराण्यातले हरीश साळवे यांची सुरुवात १९८० च्या सुमारास दिल्लीच्या जे. बी. दादाचानजी या फर्ममध्ये झाली. झिया मोदी उलटसुलट दोन्हीकडे फिरल्या: न्यूयॉर्कच्या फर्ममध्ये पाच वर्षे, मग मुंबई उच्च न्यायालयात कौन्सेल, मग १९९५ मध्ये स्वतःची फर्म, जी २००४ मध्ये एझेडबी झाली. मात्र एकाचे वडील केंद्रीय मंत्री एन. के. पी. साळवे आणि दुसरीचे वडील सोली सोराबजी, हे विसरून ही उदाहरणे कॅम्पसवरच्या भाषणांत देऊ नयेत. पडलो तर कशावर पडू, हे ज्याला माहीत असते तो उडी वेगळी मारतो. ज्याच्या खाली कर्जाचा हप्ता आहे त्याने आधी हप्ता फेडावा, दोन वर्षांचा खर्च बाजूला टाकावा आणि मग अंबा एक्स्प्रेसचे परतीचे तिकीट काढावे. यात कमीपणा नाही.

परतून करायचे काय, असे विचारणाऱ्याला मेळघाटाकडे बघायला सांगावेसे वाटते, आणि ते सेवाभावाच्या गप्पांसाठी नाही. इथले कायद्याचे काम खरेच भरपूर आहे. कुपोषणावरची डॉ. राजेंद्र बर्मा यांची २००७ ची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालली. व्याघ्र प्रकल्पातून गावे हलली, मोबदल्याचे वाद राहिले. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, पण मेहनती वकील मिळेलच असे कलमात लिहिलेले नाही. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने एक नवाच पक्षकार जन्माला घातला आहे: ग्रामसभा. सामूहिक हक्क मिळालेली गावे विदर्भात बांबू विकतात, तेंदूपत्ता विकतात. परतवाड्याजवळच्या पायविहीरने सीताफळे बाजारात नेली. प्रत्येक विक्रीमागे व्यापाऱ्याशी करार असतो. आगाऊ रक्कम किती, माल मोजायचा कोणी आणि कुठे, पावसात भिजला तर तोटा कोणाचा, दुसरा हप्ता बुडवला तर अनामत जप्त होणार का, वाद नागपूरला चालणार की अचलपूरला. व्यापाऱ्याकडे छापील मसुदा तयार असतो आणि तो अर्थातच व्यापाऱ्याच्या सोयीचा. लोअर परळला दोन हजार कोटींच्या करारात याच पाच कलमांवर रात्र रात्र भांडलेल्या माणसाला तो मसुदा हातात घेतल्यावर पहिल्या दहा मिनिटांत कळेल की लाल पेन कुठे चालवायचे. फी थोडी मिळेल. पुढच्या हंगामात ग्रामसभा मसुदा घेऊन पुन्हा येईल, तेव्हा ती त्याच्याकडे येईल.